अथेन्सचे घुबड आणि नाण्याची पारख

अथेन्सच्या नगरराज्यात इ.स.पू. ३७५-७४ या वर्षी नाण्यांच्या पारखीसंबंधी एक कायदा करण्यात आला. निकोफोन नावाच्या गृहस्थाने तो मांडला होता. त्याची कलमे संगमरवरी शिळेवर कोरून ती शिळा लोकांच्या दृष्टीस पडेल अशी उभी करण्यात आली. कालांतराने ती मातीखाली गेली आणि कित्येक शतके तिचा मागमूस कोणास लागला नाही. १९७० मध्ये अथेन्सच्या अगोरा नावाच्या प्राचीन चौकात अमेरिकन संशोधकांचे उत्खनन चालू असता ती पुन्हा उजेडात आली, आणि १९७४ मध्ये रोनाल्ड स्ट्राउड या विद्वानाने तिच्यावरील मजकूर वाचून प्रसिद्ध केला. जुन्या नाण्याचे खरेखोटेपण कसे ठरवावे, या प्रश्नाचा विचार या शिळेपासून सुरू करणे सोयीचे होईल.

बाजारात सराफांच्या मेजांमध्ये बसून चांदीचे नाणे तपासून देण्यासाठी अथेन्सने एक सरकारी पारखी नेमला होता. ग्रीक भाषेत त्यास ‘दोकिमास्तेस’ म्हणत. हा पारखी स्वतंत्र नागरिक नव्हता. तो नगरराज्याच्या मालकीचा गुलाम होता. नाणे आतून तांब्याचे किंवा शिशाचे निघाले, अथवा अन्य प्रकारे खोटे ठरले, तर त्याने ते तेथल्या तेथे कापावे आणि कापलेले नाणे देवमातेची मालमत्ता म्हणून नगरपरिषदेकडे जमा करावे, असा दंडक होता. उलट, पारख्याने खरे ठरवलेले नाणे घेण्यास जो व्यापारी नकार देईल, त्याचा त्या दिवशी विक्रीस मांडलेला माल जप्त होई. पारखी आपल्या जागेवर बसला नाही, किंवा कायद्याप्रमाणे त्याने पारख केली नाही, तर त्याच्या पाठीवर पन्नास फटके पडत. परदेशी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी पिरिअस बंदरात असाच दुसरा पारखी बसविण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

पेशवाईच्या काळात मराठी मुलखात पोतदार जे काम करी, त्याच जातीचे हे काम होय. वसुलात आलेला रुपया पोतदार पाही, वाजवी, आणि खोटा असल्यास बाजूला काढी. फरक इतकाच की, अथेन्सच्या पारख्याचा शब्द बाजारास बंधनकारक होता आणि त्या शब्दाची किंमत तो स्वतःच्या पाठीने देत होता. एका गुलामाच्या नजरेवर अथेन्सच्या बाजाराचा व्यवहार विसंबून राहावा, ही गोष्ट मोठी विलक्षण खरी. परंतु खऱ्याखोट्याची निवड करणारा माणूस नसेल तर नाण्याचा व्यवहार चालू शकत नाही, हे त्या नगरराज्याने ओळखले होते.

आज तेच नाणे एखाद्या वस्तुसंग्रहालयातील अभ्यासकाच्या तळहातावर येते, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. अथेन्सच्या पारख्यास मात्र एक सवलत होती. संशय आला की छिन्नी घेऊन नाणे कापण्यास तो मोकळा होता. अभ्यासकास नाणे कापता येत नाही. पुष्कळदा ते खरवडताही येत नाही. त्यास बाहेरून पाहून आतले ओळखावे लागते, आणि अडीच हजार वर्षांत त्या नाण्यावर काय काय गुदरले असेल याचाही हिशेब मनाशी मांडावा लागतो.

प्रथम नाण्याची ओळख पटविली पाहिजे. अथेन्सचे सर्वांत प्रसिद्ध नाणे म्हणजे चार द्राक्मांचे नाणे. त्याच्या दर्शनी बाजूवर अथीना देवीचे उजवीकडे तोंड केलेले मस्तक असते. तिच्या डोक्यावर तुऱ्याचे शिरस्त्राण असून त्यावर ऑलिव्हची पाने आणि वेलबुट्टी कोरलेली असते. मागील बाजूवर एका खोलगट चौकटीत समोर रोखून पाहणारे घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी व लहानशी चंद्रकोर, आणि बाजूस आल्फा, थीटा व एप्सिलॉन ही तीन अक्षरे असतात. ‘अथेन्सकरांचे’ असा अर्थ देणाऱ्या शब्दाची ती आद्याक्षरे होत. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात. अथेन्समध्ये मात्र तो ज्ञानदेवतेचा पक्षी होता, आणि लोक या नाण्यासच ‘घुबड’ म्हणत. २००२ मध्ये युरो चलन व्यवहारात आले तेव्हा ग्रीसने आपल्या एक युरोच्या नाण्यावर हेच जुने नाणे कोरून घेतले.

या नाण्याची चांदी अथेन्सच्या दक्षिणेस असलेल्या लॉरिअनच्या खाणींतून येई. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तेथे चांदीचा मोठा साठा लागला. मिळालेली संपत्ती प्रत्येक नागरिकास दहा द्राक्मा याप्रमाणे वाटून टाकावी असा विचार चालला असता, थेमिस्टोक्लीसने लोकांचे मन वळविले आणि त्या पैशातून युद्धनौका बांधविल्या. तीन वर्षांनी सॅलमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला तो याच नौकांच्या बळावर. खाणींत राबणारे मजूर बहुतेक गुलाम होते. निसिअस या सेनापतीने आपले एक हजार गुलाम माणशी रोजी एक ओबोल या दराने तेथे भाड्याने दिले होते, असे झेनोफोनने नमूद केले आहे. सहा ओबोल म्हणजे एक द्राक्मा. तेव्हा चार द्राक्मांचे एक नाणे म्हणजे खाणीतील एका गुलामाच्या चोवीस दिवसांच्या श्रमाचे भाडे होय, आणि तेही श्रम करणाऱ्याच्या हाती न पडणारे.

अक्षरे जुळली, घुबड जुळले, म्हणून नाणे अथेन्सचे ठरले असे होत नाही. या नाण्याची पत एवढी मोठी होती की, इजिप्त, अरबस्थान आणि पॅलेस्टाइनच्या बाजूस त्याच्या नकला पाडल्या जात. इ.स.पू. चौथ्या शतकात इराणचा सम्राट आर्टाझर्क्सिस याने इजिप्तमध्ये पाडलेल्या काही नाण्यांवर अथीना आहे, घुबडही आहे. पण अथेन्सच्या अक्षरांच्या जागी इजिप्तच्या लोकलिपीत त्या सम्राटाचे नाव आहे. ही नाणी चांगल्या चांदीची आहेत, आणि ती कोणास ठकविण्यासाठी पाडली असे म्हणता येणार नाही. निकोफोनच्या कायद्यानेही हा भेद ध्यानात घेतला होता. अथेन्सचा छाप असलेले परकीय नाणे चांदीने चोख असेल, तर ते कापू नये, आणणाऱ्यास परत द्यावे, असा त्यातील एका कलमाचा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे खरे आणि खोटे यांच्या दरम्यान एक तिसरा वर्ग आहे, ही जाणीव चोवीस शतकांपूर्वीच होती. आजच्या अभ्यासकास आणखी एक वर्ग मानावा लागतो. प्राचीन काळीच कोणी केलेले खोटे नाणे हेही त्या काळाचे अस्सल साधन असते. काल-परवा केलेले खोटे नाणे इतिहासाच्या कामाचे नसते.

यानंतर ताजवा हाती घ्यावा लागतो. अथेन्सच्या तोलाप्रमाणे एक द्राक्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा, आणि चार द्राक्मांचे नाणे सुमारे १७.२ ग्रॅमचे, म्हणजे जवळजवळ दीड तोळ्याचे असते. झीज झाल्यामुळे किंवा मातीतील क्षारांनी धातू खाल्ल्यामुळे ते थोडे हलके भरू शकते. परंतु दोन-दोन ग्रॅमची तूट आढळली, तर संशयास जागा होते. शुद्ध चांदी पाण्याच्या साडेदहापट जड असते आणि तांबे सुमारे नऊपट. त्यामुळे चांदीचा पत्रा चढविलेले तांब्याच्या गाभ्याचे नाणे आकारमानाने बरोबर असले, तरी पंधरा ग्रॅमच्या आसपासच भरते. नाणे हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलावे, दोहोंतील फरक काढावा, आणि त्या फरकाने मूळ वजनास भागावे. सतरा ग्रॅमच्या चोख नाण्याचे वजन पाण्यात सुमारे १.६ ग्रॅमने घटले पाहिजे. आर्किमिडीजच्या नावाने शाळेत शिकविले जाणारे हे तत्त्व नाण्यास ओरखडाही न पाडता आतल्या गाभ्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

तांब्याच्या गाभ्याचे प्रत्येक नाणे भामट्याचेच असते असेही नाही. पेलोपनीशियन युद्धाच्या अखेरीस अथेन्सचा खजिना रिता झाला आणि शत्रूमुळे लॉरिअनच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा इ.स.पू. ४०६ च्या सुमारास नगरराज्यानेच तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली. पुढच्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या ‘बेडूक’ या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनिसने या नाण्यांचा उपहास केला आहे. जुनी खणखणीत नाणी टाकून लोक जसे हे हलके तांबे वापरतात, तसेच ते सचोटीचे नागरिक सोडून हलक्या माणसांच्या हाती कारभार देतात, असा त्याचा टोला होता. चलन आणि चारित्र्य यांची सांगड घालण्याची रीत इतकी जुनी आहे.

वजन आणि घनता जमली की नाण्याची घडण पाहावयाची. ग्रीक नाणे हाताने ठोकून पाडीत. एक ठसा ऐरणीत बसविलेला असे. त्यावर चांदीची चकती ठेवीत, दुसरा ठसा वर धरीत, आणि घणाचा घाव घालीत. या घावाने धातू ठशाच्या खाचांत शिरतो आणि कडेकडे पसरतो. अस्सल नाण्याच्या कडेस लहान-मोठ्या चिरा पडलेल्या दिसतात, आणि भिंगाखाली पाहिले तर अक्षरांभोवती धातू वाहत गेल्याच्या बारीक रेषा आढळतात. साच्यात ओतलेल्या नाण्यावर या रेषा नसतात. त्याच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे राहतात, बारकावे साबणासारखे गुळगुळीत होतात, आणि साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे कडेवर शिवण उमटते. ती शिवण लपविण्यासाठी कड कानशीने घासलेली असेल, तर ती कानसच चाड्या सांगते.

याहून निर्णायक अशी एक खूण आहे. एकाच ठशाने शेकडो नाणी पाडली जात. म्हणून दोन नाण्यांवरील चित्र एकसारखे असू शकते. परंतु प्रत्येक चकती वेगळी, प्रत्येक घाव वेगळा. एकीत तुरा कडेबाहेर जाईल, दुसरीत घुबडाचे पाय कापले जातील. एकीची चीर वर असेल, दुसरीची खाली. दोन नाण्यांचे चित्र, चकतीचा बाह्याकार, कडेची चीर आणि पृष्ठभागावरील ओरखडा ही सर्व जशीच्या तशी जुळली, तर त्यांपैकी निदान एक तरी दुसऱ्यावरून साच्यात घेतलेले आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. अशा वेळी नाण्याचे पुरेपूर साम्य हाच त्याच्या खोटेपणाचा पुरावा ठरतो.

विसाव्या शतकात या कामी रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचे साह्य मिळू लागले. क्ष-किरणांच्या योगाने नाण्यातील धातूंचे प्रमाण ते न फोडता मोजता येते. जुन्या चांदीत सोने, शिसे, बिस्मथ यांचे अत्यल्प अंश राहून गेलेले असतात, कारण त्या काळची शुद्ध करण्याची रीत ते पूर्णपणे काढू शकत नसे. आधुनिक विद्युत्‌पद्धतीने शुद्ध केलेल्या चांदीत हे अंश जवळजवळ नसतात. म्हणून अति शुद्धपणा हाही संशयाचे कारण होतो. चांदीतील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहून ती लॉरिअनच्या खाणीशी जुळते की नाही, हेही तपासता येते. तथापि क्ष-किरणांची ही तपासणी मुख्यतः पृष्ठभागापुरती असते, आणि जमिनीत राहिलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावरून तांबे झिरपून गेलेले असल्यामुळे तो आतल्या धातूपेक्षा अधिक शुद्ध दिसतो. शिवाय लाकडाचे किंवा हाडाचे वय कार्बनच्या साह्याने काढतात, तसे चांदीचे वय सांगणारे साधन नाही. धातू जुना आहे एवढे सिद्ध झाले, तरी त्यावरील छाप जुना आहे असे सिद्ध होत नाही.

हा धडा युरोपला कार्ल विल्हेल्म बेकर याने शिकविला. १७७२ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे जन्मलेला हा मनुष्य ठसे कोरण्यात असामान्य निपुण होता. तो एका संस्थानिकाच्या पदरी मानकरी होता, आणि महाकवी गटे यानेही त्याचा संग्रह पाहून त्याची प्रशंसा केली होती. बेकरने ग्रीक, रोमन आणि नंतरच्या काळातील तीनशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांचे ठसे स्वतःच्या हाताने पोलादात कोरले. त्याची नाणी ओतीव नव्हती. ती खऱ्या टांकसाळीप्रमाणे घाव घालून पाडलेली होती. त्यासाठी लागणारी चकती म्हणून तो पुष्कळदा कमी किमतीचे अस्सल प्राचीन नाणेच घेई आणि त्यावर नवा छाप मारी. त्यामुळे वजन बरोबर, धातू प्राचीन, घडण ठोकीव, अशा सर्व कसोट्यांना ते नाणे उतरे. त्यावरची नवी चकाकी घालविण्याचीही त्याची एक युक्ती होती. लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या डब्यात तो ती नाणी घाली, डबा घोडागाडीस बांधी, आणि खडबडीत रस्त्यांवरून गाडी हाकी. आपल्या वृद्ध मंडळींस फिरावयास नेत आहोत, असे तो गमतीने म्हणे.

यंत्रे जेथे हात टेकतील तेथे अभ्यस्त नजर कामास येते. पाचव्या शतकातील अथीनेचे मुख एका बाजूने दाखविलेले आहे, पण तिचा डोळा मात्र समोरून पाहिल्याप्रमाणे बदामी आकाराचा कोरलेला आहे. जुन्या कारागिरास ती रीतच होती. त्यात त्यास काही चमत्कारिक वाटत नसे. उत्तरकालीन कारागीर मुखाची रेषा अचूक उतरवितो, परंतु त्याच्या स्वतःच्या काळाचे सौंदर्याचे माप नकळत त्याच्या हातात येते. ओठ जरा अधिक मृदू होतात, घुबड जरा अधिक नीटनेटके होते, अक्षरे छापखान्यातील खिळ्यांसारखी सरळ बसतात. इटालियन विद्वान दोमेनिको सेस्तिनी याने १८२६ मध्ये ग्रीक नाण्यांच्या आधुनिक नकलाकारांवर पुस्तक लिहून बेकरचे बिंग फोडले. बेकर १८३० मध्ये वारला. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या वस्तुसंग्रहालयात जमा झाले, आणि आज एखादे संशयित नाणे त्या ठशांच्या नमुन्यांशी ताडून पाहता येते. अथेन्समध्येही विसाव्या शतकाच्या आरंभी क्रिस्तोदुलोस नावाच्या कारागिराने असाच उद्योग केला, आणि त्याच्या ठशांची सचित्र यादी स्वोरोनोस या ग्रीक नाणेतज्ज्ञाने १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. चोराच्या हत्यारांची यादी करून ठेवणे हा या शास्त्राचा एक महत्त्वाचा भाग आहे.

इतक्या सर्व कसोट्या असूनही तज्ज्ञांची मने द्विधा झाल्याची उदाहरणे आहेत. १९८८ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया या ग्रीक शहरांची लहान लहान चांदीची नाणी मोठ्या संख्येने बाजारात आली. एका जुन्या ठेव्यातून ती निघाली असे विकणारे सांगत होते. काही जाणकारांनी ती अस्सल मानली, काहींनी बनावट म्हटले, आणि बरीच भवती न भवती होऊन अखेर ती आधुनिक ठरली. हा ठेवा कोठे सापडला, कोणत्या भांड्यात होता, त्याबरोबर आणखी काय होते, या साध्या प्रश्नांचे उत्तर पहिल्या दिवशी मिळाले असते, तर एवढा वाद माजलाच नसता.

येथे नाण्याच्या पारखीतील सर्वांत महत्त्वाचे सूत्र हाती लागते. नाण्याचे वजन, धातू, घडण आणि शैली यांची साक्ष नाण्यातच असते; परंतु त्याच्या सापडण्याच्या जागेची साक्ष नाण्याबाहेर असते, आणि ती एकदा नष्ट झाली की कोणतेही यंत्र ती परत आणू शकत नाही. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एलमाली गावाजवळ इ.स.पू. पाचव्या शतकातील सुमारे १९०० चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. अथेन्सने काढलेले दहा द्राक्मांचे नाणे अत्यंत दुर्मिळ. तोवर जगभरात त्याचे अवघे डझनभर नमुने ठाऊक होते. या एका ठेव्यात ती दहाहून अधिक निघाली. अथेन्सच्या आरमाराच्या वैभवकाळात आशिया मायनरच्या या भागात कोणाकोणाचे चलन चालत होते, हे सांगणारा तो एक अखंड दस्तऐवज होता. परंतु ठेवा चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेला आणि निरनिराळ्या हातांत विखुरला. दीर्घकाळ चाललेल्या न्यायालयीन लढ्यानंतर १९९९ मध्ये सोळाशेंहून अधिक नाणी तुर्कस्तानास परत मिळाली. नाणी अस्सल होती, याविषयी वाद नव्हता. पण ती कोणत्या थरात, कशाच्या सान्निध्यात पडली होती, ही माहिती ज्या क्षणी ती उकरली गेली त्याच क्षणी संपली.

ग्रीक नाण्यांचा संबंध भारताशी नाही असे मात्र कोणी समजू नये. अलेक्झांडरनंतर बाल्ख व पंजाब या भागांत ग्रीक राजांची राज्ये झाली. त्यांतील मिनँडर, म्हणजेच पाली ग्रंथातील मिलिंद, याच्या काही नाण्यांवर शिरस्त्राण घातलेली अथीना आणि मागे घुबड अशी अथेन्सच्या वळणाची जोडी आढळते. परंतु त्याचे चांदीचे द्राक्मा सामान्यतः अडीच ग्रॅमच्या आतले असतात, आणि त्यांच्या एका बाजूवर ग्रीक तर दुसऱ्या बाजूवर खरोष्ठी लिपीतील प्राकृत मजकूर असतो. म्हणजे चित्र ग्रीसचे, तोल आणि बोल हिंदुस्थानचे. अशा दुभाषी नाण्यांच्या आधारानेच जेम्स प्रिन्सेप प्रभृतींनी एकोणिसाव्या शतकात विस्मृत झालेल्या खरोष्ठीचा उलगडा केला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्राक्मा अद्याप चालतात, असा उल्लेख आहे. तेव्हा गुजरातेत अथवा माळव्यात ग्रीक अक्षरांचे चांदीचे नाणे दृष्टीस पडले, तर त्याचा विचार या मार्गानेही करावयास हवा.

महाराष्ट्राच्या इतिहासात तर अशा एका ठेव्यास मानाचे स्थान आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा संचय सापडला. ही नाणी ग्रीक राजांची नव्हेत. पण त्यांवरील राजमुखाभोवती ग्रीक अक्षरे आहेत आणि मागील बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारल्याचे दिसून आले. सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केल्याचे नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगत होते. या संचयाने त्यास धातूची साक्ष दिली. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाचे चलन न वितळविता त्यावर आपली मुद्रा उमटविली आणि तेच चालविले, ही कारभारातील गोष्टही त्यातून कळली. ही नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत किंवा दूरच्या बाजारात गेली असती, तर छापावर छाप मारलेले एखादे नाणे म्हणजे केवळ एक गमतीची वस्तू उरली असती. हजारो नाणी एका ठिकाणी, एका दिवशी, नोंद होऊन मिळाली म्हणून त्यांचा इतिहास झाला.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना ज्यास जुने नाणे सापडते, त्याच्या हाती म्हणूनच मोठी जबाबदारी येते. अशा वेळी नाणे चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख करण्याचा मोह अनेकांस होतो. त्या घासण्याने पृष्ठभागावरील पुट जाते, बारीक रेषा झिजतात, आणि उद्याच्या अभ्यासकाच्या अर्ध्या कसोट्या निकामी होतात. नाणे जसे आहे तसे कागदात ठेवावे. जागा, खोली, सोबत सापडलेले खापर, या गोष्टी त्याच दिवशी लिहून काढाव्यात. सापडलेल्या पुरलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी रीतीने देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. हे नियम अनेकांस जाचक वाटतात. एलमालीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले, तर त्यांचे प्रयोजन ध्यानात येईल.

अथेन्सच्या बाजारात मेजामागे बसलेल्या त्या गुलामाचे नाव शिळेवर कोठेही नाही. कायदा मांडणाऱ्या निकोफोनचे नाव राहिले. पारख करणाऱ्याचे राहिले नाही. पण पूर्वेकडील देशांत सापडणाऱ्या कितीतरी घुबडांवर छिन्नीचे खोल घाव आढळतात. आत चांदीच आहे ना, हे पाहण्यासाठी कोणा अनोळखी पारख्यांनी ते घातलेले आहेत. संग्राहकांच्या लेखी अशा नाण्याची किंमत कमी होते. अभ्यासक मात्र तो घाव भिंगाखाली धरून निरखतो. कारण त्या घावाच्या तळाशी शुभ्र चांदी दिसली, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी आधीच त्याच्या वतीने ही पारख करून ठेवलेली असते.